तटस्थ गणित कुठेच नसतं

५ जून २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या एका सरकारी मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका शाळेला मंजुरी दिली. शाळेला इमारत नव्हती, पटांगण नव्हतं, बाकं नव्हती. पहिल्या वर्षी पाचशेपर्यंत मुलं, सगळी आपापल्या घरी, आपापल्या संगणकासमोर बसणार होती. नाव होतं सेंट इसिडोर ऑफ सेव्हिल कॅथलिक व्हर्च्युअल स्कूल. इसिडोर हा सहाव्या-सातव्या शतकातला स्पेनमधला बिशप. त्या काळी ठाऊक असलेलं सगळं ज्ञान त्याने वीस खंडांत साठवून ठेवलं, म्हणून अलीकडे कॅथलिक भाविक त्याला इंटरनेटचा पाठीराखा संत मानू लागले आहेत. संतांनाही काळानुसार नवी खाती सांभाळावी लागतात.

ओक्लाहोमा सिटी आणि टल्सा या दोन कॅथलिक धर्मप्रांतांनी मिळून ही शाळा काढायचं ठरवलं होतं. खेड्यापाड्यांत विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांना जवळपास कॅथलिक शाळा नाही, त्यांच्यापर्यंत इंटरनेटवरून पोचू, हा हेतू. पैसा मात्र सरकारचा. कारण ही शाळा ‘चार्टर’ प्रकारातली होणार होती, म्हणजे खासगी मंडळाने चालवलेली, पण खर्च सरकारी तिजोरीतून.

महाराष्ट्रातल्या वाचकाला प्रश्न पडेल, यात भांडण्यासारखं काय? आपल्याकडे चर्चच्या कितीतरी शाळा वर्षानुवर्षं सरकारी अनुदानावर चालतात. अल्पसंख्याकांची शाळा आहे म्हणून अनुदान नाकारू नका, असं राज्यघटनेचं ३०वं कलमच सांगतं. पण २८व्या कलमाने त्याला एक अट जोडून ठेवली आहे: अशा शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती हवी. म्हणून कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला जातात तेव्हा बाकीची मुलं नीतिशिक्षणाच्या तासाला बसतात, आणि पुढचा भूगोलाचा तास सगळ्यांचा एकच असतो. सेंट इसिडोरला नेमकी ही वाटणीच मान्य नव्हती. श्रद्धा एका तासापुरती नसेल, ती शाळेच्या प्रत्येक अंगात असेल आणि शाळा चर्चच्या सुवार्ताप्रसारात सहभागी असेल, असं अर्जात उघड लिहिलं होतं. भूगोलसुद्धा ख्रिस्ती असणार होता.

राज्याचे ॲटर्नी जनरल जेंटनर ड्रमंड स्वतः रिपब्लिकन. तेच या शाळेविरुद्ध न्यायालयात गेले. जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेशी झालेला करार अवैध ठरवला. प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, ३० एप्रिल २०२५ रोजी युक्तिवाद झाले आणि २२ मे रोजी निकाल आला तो चार विरुद्ध चार असा. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट या सुनावणीत बसल्याच नाहीत. मतं समान पडली की खालच्या न्यायालयाचा निकाल कायम राहतो, त्यामुळे सेंट इसिडोरच्या वाट्याला सरकारी पैसा आला नाही. आठ न्यायमूर्तींपैकी कोणी कोणत्या बाजूने मत दिलं, हेही आदेशात लिहिलेलं नाही.

वर्तमानपत्रांनी ही बातमी घटनात्मक पेच म्हणून छापली. मला त्यातला भूगोल जास्त महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्ती भूगोल म्हणजे काय? आणि तो घरी, पडद्यावर शिकवावा असं का वाटावं?

*

ऑनलाइन शाळा म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं. शाळा बंद पण शिक्षण सुरू, अशी सरकारी मोहीम, व्हॉट्सॲपवर येणारा गृहपाठ, एका मोबाइलवर तीन भावंडं, रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसलेली पोरं. आपल्यासाठी ती आपत्ती होती आणि शाळा उघडल्या तेव्हा आईबापांनी सुटकेचा श्वास सोडला. अमेरिकेतही त्या वर्षी घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण एकदम वाढलं. जनगणना विभागाच्या पाहणीनुसार ते वसंतात ५.४ टक्के होतं, ते शरदापर्यंत ११.१ टक्के झालं. कृष्णवर्णीय कुटुंबांत ते ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेलं. पण ख्रिस्ती ऑनलाइन शाळा कोविडच्या साथीतून जन्मलेली नाही. ती आधीपासून होती, निवडून घेतलेली होती, आणि त्या निवडीमागे नीट बांधलेला विचार आहे. त्याच्याशी वाद घालता येतो. पण तो लांबून दिसतो त्यापेक्षा बराच धारदार आहे.

या विचाराचा पहिला दगड बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर ठसवण्याचं काम तिथे आईबापांना सांगितलं आहे, आणि तेही उठता-बसता, घरात आणि वाटेवर. त्यात शाळा नाही, गुरुजी नाहीत, तासिका नाही. यावरून निष्कर्ष निघतो तो असा की मूल शिकवण्याची जबाबदारी देवाने राज्याला दिलेली नाही, ती आईबापांना दिली आहे. शाळा हा फार तर त्यांनी नेमलेला मदतनीस. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात, आईवडीलच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक अशी भूमिका घेतली. त्यामुळे या शाळांच्या माहितीपत्रकांचा सूर आपल्या ओळखीच्या शाळांपेक्षा वेगळा असतो. मुलाला घडवायचं आहे ते तुम्ही, आम्ही तुमच्या हाताशी आहोत, असा.

अमेरिकन कायद्यातही याला आधार आहे. १९२२ मध्ये ओरेगन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती केली. या कायद्यामागे कू क्लक्स क्लॅनचं बळ होतं आणि निशाण्यावर कॅथलिक शाळा होत्या. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि मूल ही राज्याची निर्मिती नव्हे, असं बजावलं. आज घरी शिकवणारे इव्हँजेलिकल पालक त्या निकालाचा दाखला देतात. कॅथलिक जोगिणींनी लढून मिळवलेली ही ढाल आहे, याची आठवण मात्र क्वचितच निघते.

गंमत अशी की अमेरिकेतली सार्वजनिक शाळा मुळात धर्मासाठीच जन्मली. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने १६४७ मध्ये कायदा केला की पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने शिक्षक नेमावा, कारण माणसाला शास्त्रवाचनापासून दूर ठेवणं हा सैतानाचा जुना डाव आहे. पुढे कितीतरी काळ सरकारी शाळेत प्रॉटेस्टंट बायबल वाचलं जाई. ते कोणतं बायबल असावं यावरून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, माणसं मेली, चर्चं जळाली. कॅथलिकांनी शेवटी स्वतःच्या शाळा काढल्या, कारण ‘सर्वांची’ शाळा त्यांना प्रॉटेस्टंटांची वाटत होती. मग १९६२ आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतली प्रार्थना आणि बायबलवाचन बंद केलं. आता तीच शाळा प्रॉटेस्टंटांना निधर्मी लोकांची वाटू लागली.

इथे एक गोष्ट बोलायला हवी, जी या शाळांच्या स्मरणिकांत सापडत नाही. दक्षिणेत खासगी ख्रिस्ती शाळांची लाट आली ती फक्त प्रार्थना बंद झाली म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या निकालाने गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बसवायला सुरुवात झाली, हेही तितकंच मोठं कारण होतं. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाच्या प्रकाशनाची पुस्तकं आजही असंख्य घरांत वापरली जातात. वंशभेदी नियमांमुळे या विद्यापीठाची करसवलत काढून घेतली गेली, सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि वेगळ्या वंशांतल्या मुलामुलींच्या मैत्रीवरची बंदी त्याने उठवली ती थेट २००० साली. पुढच्या पिढीच्या पालकांवर हे ओझं टाकणं अन्यायाचं होईल; २०२०चे आकडे तर सांगतात की घराकडे वळणाऱ्यांत कृष्णवर्णीय कुटुंबं आघाडीवर होती. पण शुद्ध धर्मप्रेमाची कथा कोणी सांगू लागलं तर ती अर्धीच आहे.

*

दुसरा दगड हॉलंडमधून आला. अब्राहम कायपर हा तिथला पाद्री, संपादक आणि १९०१ ते १९०५ पंतप्रधान. १८८० मध्ये ॲमस्टरडॅमला त्याने सरकार आणि चर्च दोघांपासून स्वतंत्र असं विद्यापीठ उघडलं. विश्वातला एकही कोपरा ख्रिस्ताच्या मालकीबाहेर नाही, मग विज्ञान, कला, राजकारण कसं असेल, असं त्याचं म्हणणं. या परंपरेतला कॉर्नेलियस व्हॅन टिल फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत शिकवत असे. त्याने हा विचार टोकाला नेला: नुसती, कोरी वस्तुस्थिती अशी चीजच नसते. प्रत्येक वस्तुस्थिती कोणत्या ना कोणत्या गृहीतकाच्या उजेडात दिसते. देव नाही असं धरून शिकवलेलं शिक्षण तटस्थ नसतं, ते देव नाही हेच शिकवत असतं, फक्त न बोलता.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाठ्यपुस्तकात काय आहे यापेक्षा काय गाळलं आहे ते मुलाला जास्त शिकवतं, हे आपल्याकडच्या दलित आणि स्त्रीवादी अभ्यासकांनीही वेगळ्या वाटेने जाऊन सांगितलं आहे. दिवसाचे सहा तास, बारा वर्षं ज्या गोष्टीचा उल्लेखच होत नाही, ती महत्त्वाची नाही हे मूल आपोआप शिकतं. ख्रिस्ती पालकाची तक्रार एवढीच आहे की ती न उच्चारलेली गोष्ट माझ्या आयुष्याचा मध्य आहे.

अडचण सुरू होते ती वर्गात. सगळ्यांत कठीण परीक्षा गणिताची. दोन अधिक दोन चार यात ख्रिस्ती काय? हार्वर्डमधून गणितात पीएचडी करून धर्मशास्त्राकडे वळलेले व्हर्न पॉइथ्रेस यांनी २०१५ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. बेरीज सगळीकडे आणि सदासर्वकाळ खरी का असते, विश्व गणिताने कळतं हे कशामुळे, असे प्रश्न ते विचारतात. विश्वाचा कर्ता विश्वासू आहे म्हणून, असं उत्तर देतात. हा तत्त्वज्ञानाचा दर्जेदार प्रश्न आहे. केप्लरला तो आवडला असता. पण फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या अबेका या प्रकाशनाने हीच भूमिका कशी वापरली पाहा. आपल्या गणिताच्या पुस्तकांवर संच सिद्धांतासारख्या आधुनिक कल्पनांचं ओझं नाही, अशी त्याची जाहिरात होती. एकाच तत्त्वातून एकाला विस्मय सापडला, दुसऱ्याला संशय.

विज्ञानात तर कोर्टकचेरी झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने एका ख्रिस्ती शाळेचे काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी ग्राह्य धरायला नकार दिला. त्यातल्या जीवशास्त्राला बॉब जोन्स आणि अबेकाची पुस्तकं होती. जिथे विज्ञान आणि बायबल यांचं पटत नाही तिथे बायबल खरं, अशा धर्तीची मांडणी त्यांत होती. ख्रिस्ती शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दावा लावला. २००८ मध्ये संघीय न्यायालयाने आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. विद्यापीठाचा आक्षेप धर्मावर नव्हता, विषयाचं ज्ञान पुरेसं मिळत नाही यावर होता. म्हणून कोणतीही ऑनलाइन ख्रिस्ती शाळा निवडताना पालकाने तिच्या विश्वासांगीकाराच्या जोडीला नववीचं जीवशास्त्राचं पुस्तकही उघडून पाहावं. उत्क्रांतीवर तिथे काय लिहिलं आहे यावरून शाळेची जात कळते. कॅथलिक शाळांना उत्क्रांतीचं सहसा वावडं नसतं. पृथ्वी सहा हजार वर्षांची मानणाऱ्या शाळांना असतं, आणि त्या संख्येने थोड्या नाहीत.

*

आता पडदा. १९७० मध्ये टेक्सासमध्ये डोनाल्ड आणि एस्थर हॉवर्ड या दांपत्याने ॲक्सेलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन नावाची पद्धत सुरू केली. या शाळेत फळ्यासमोर उभा राहून शिकवणारा शिक्षक नाही. भिंतीकडे तोंड करून मुलं आपापल्या कप्प्यात बसतात. दोन मुलांच्या मध्ये फळी. प्रत्येक विषयाच्या वर्षाला बारा पुस्तिका. मुलाने आपल्या गतीने वाचायचं, रिकाम्या जागा भरायच्या, उत्तरपत्रिकेच्या टेबलाशी जाऊन स्वतःच तपासायचं. शंका आली की कप्प्यावर छोटासा झेंडा लावायचा, मग देखरेख करणारे कोणीतरी येतात. कमी पैशांत, प्रशिक्षित शिक्षकांशिवाय, चर्चच्या तळघरातही शाळा काढता येऊ लागली आणि ती जगभर पसरली.

संगणक घरोघर येण्याच्या कितीतरी आधी ऑनलाइन शाळेचा आराखडा इथे तयार झाला होता. एकटं मूल, स्वतःची गती, आधीच लिहून ठेवलेला धडा, आणि शिकवण्याऐवजी लक्ष ठेवणारं मोठं माणूस. पुढे फक्त साधन बदलत गेलं. अबेकाने खऱ्या वर्गातले तास चित्रित करून घरोघर पाठवले, आधी व्हिडिओ कॅसेटवर, मग डीव्हीडीवर, मग इंटरनेटवरून. बॉब जोन्सने मध्यंतरी उपग्रहाचा वापर करून पाहिला. जेरी फॉलवेल यांनी व्हर्जिनियात स्थापन केलेल्या लिबर्टी विद्यापीठाची आज बालवाडीपासून बारावीपर्यंतची ऑनलाइन शाळा आहे.

या साधनाची गरज का पडली याचं उत्तर तत्त्वज्ञानात नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. घरी शिकवणारे पालक म्हणजे बहुतेक घरांत आई. तिसरी-चौथीपर्यंत तिचं निभतं. मग बीजगणित येतं, रसायनशास्त्र येतं, लॅटिन येतं, शिवाय खाली दोन लहान भावंडं असतात. मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी देवाने मला दिली आहे, पण वर्गसमीकरणं मला येत नाहीत, या कोंडीतून ऑनलाइन शाळा सोडवते. शिकवायला दूरचा शिक्षक, संस्काराला घर. आईबापांचं पहिलेपण तत्त्वात शाबूत राहतं. व्यवहारात मात्र एका संस्थेच्या जागी दुसरी संस्था आलेली असते, आणि तिच्या फीचं वेळापत्रकही.

सगळ्याच शाळा कप्प्यातल्या नाहीत. दुसरा मोठा प्रवाह स्वतःला अभिजात ख्रिस्ती म्हणवतो, आणि त्याची जन्मकथा मजेदार आहे. लॉर्ड पीटर विम्झीच्या हेरकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी १९४७ मध्ये ऑक्सफर्डला एक व्याख्यान दिलं. आपल्याला शिकवण्याचा फारसा अनुभव नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं आणि मग मध्ययुगातली व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्रयी पुन्हा आणावी असं सुचवलं. लहानपणी पोपटपंची आवडते तेव्हा पाठांतर, उलट उत्तरं द्यायचं वय आलं की तर्क, आणि स्वतःचं काही मांडावंसं वाटू लागलं की वक्तृत्व. व्याख्यान जवळजवळ विसरलं गेलं होतं. आयडाहोतल्या मॉस्को गावचे पाद्री डग्लस विल्सन यांनी १९८१ मध्ये या पायावर शाळा काढली, १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि चळवळ उभी राहिली. तिथे सात वर्षांची मुलं लॅटिनची रूपं तालात म्हणतात, आपल्याकडे रामः रामौ रामाः म्हणत तशीच. या प्रवाहातल्या ऑनलाइन शाळांत थेट वर्ग भरतात, ठरल्या वेळी, समोरासमोर चौकटींमध्ये, आणि होमरपासून ऑगस्टीनपर्यंतच्या ग्रंथांवर खरोखर वाद होतात. माझ्या मते शैक्षणिक दृष्ट्या या साऱ्या क्षेत्रातलं सर्वोत्तम काम इथे चाललं आहे. त्याचबरोबर हेही खरं की याच विल्सननी १९९६ मध्ये दक्षिणेतल्या गुलामगिरीची भलामण करणारी पुस्तिका सहलेखक म्हणून लिहिली. तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांचं तर्कशास्त्रही तपासून घ्यावं लागतं.

*

मला खटकतं ते वेगळं आहे. काहीच तटस्थ नसतं, हे ज्यांनी इतक्या ठासून सांगितलं, त्यांनी पडदा मात्र तटस्थ मानला. धडा कोणता, पुस्तक कोणाचं, शिक्षक कोणत्या चर्चचा, यावर बारीक चर्चा; आणि तो धडा ज्यातून येतो ते यंत्र मात्र नुसती नळी, आत काहीही सोडा. व्हॅन टिलचा विद्यार्थी असं कसं म्हणू शकतो?

आणि ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न इतर कोणापेक्षा जास्त लागू आहे. देवाने मानवी देह धारण केला ही त्या श्रद्धेची नाभी. पाण्याने बाप्तिस्मा, भाकर आणि द्राक्षारसाचं प्रभुभोजन, आजाऱ्यावर हात ठेवणं, सगळं शरीराने होतं. मिशिगनमधल्या कॅल्विन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जेम्स स्मिथ यांनी २००९च्या एका पुस्तकात आपल्याच परंपरेला विचारलं की तुम्ही ख्रिस्ती शिक्षण म्हणजे ख्रिस्ती माहिती समजता का? माणूस आधी विचार करून मग जगत नाही. रोजच्या सवयी, रांगा, गाणी, जेवणं त्याला काय आवडावं ते शिकवतात, आणि जे आवडतं त्यामागे तो जातो. त्यांचा रोख मॉल आणि स्टेडियमकडे होता. पण हाच निकष लावला तर रोज पाच तास एकट्याने पुढची पायरी, पुढची चाचणी, हिरवी खूण असं करणारं मूल कोणती उपासना शिकतं? त्याच्यासमोरचा धडा योहानाच्या शुभवर्तमानावर असला तरी?

याचं उत्तर त्यांच्याच घरात पडून आहे. शार्लट मेसन ही इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातल्या ॲम्बलसाइड गावची शिक्षणतज्ज्ञ, जन्म १८४२, मृत्यू १९२३. मूल हे रिकामं भांडं नाही, ते जन्मतःच पूर्ण व्यक्ती असतं, हा तिचा सिद्धांत. छोटे तास, जिवंत भाषेतली पुस्तकं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, आणि दिवसाचे कित्येक तास उघड्यावर. १८९१ पासून तिच्या संघटनेने टपालाने शाळा चालवली. सत्राचा कार्यक्रम घरी येई, सत्राअखेर उत्तरपत्रिका परत जात. १९०६ पासून बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेनेही असेच संच पाठवायला सुरुवात केली आणि दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांनी ते वापरले. म्हणजे दूरस्थ शिक्षण या लोकांना नवं नाही. फक्त टपालाने आलेलं पुस्तक मिटून मूल ओढ्यावर जाऊ शकत असे. १९८४ मध्ये सुझन शेफर मकॉली यांच्या पुस्तकाने मेसन पुन्हा ख्रिस्ती घरांत आणली आणि आज तिचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट मिळतो. तो वापरणाऱ्या आया यादी उतरवून घेतात आणि संगणक बंद करतात. ऑनलाइन शाळेचा मला सर्वांत ख्रिस्ती वाटलेला वापर हाच.

*

काहीच तटस्थ नसतं, हा शोध अमेरिकेत विसाव्या शतकात लागला असं मानायचं कारण नाही. मुंबईच्या आईबापांना तो त्याआधीच लागला होता, फक्त उलट्या बाजूने.

१८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या मिशन शाळेत शिकणारे धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे पारशी तरुण ख्रिस्ती झाले. पारशी समाज हादरला, मुलं शाळेतून काढून घेतली गेली, मामला न्यायालयात गेला. धनजीभाईंना आपली वाट निवडायला न्यायालयाने मोकळं सोडलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील न्यायालयात गेले. श्रीपत अल्पवयीन होता, त्याला वडिलांच्या ताब्यात देण्यात आलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर धडपडले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. इंग्रजी आणि गणित शिकायला पाठवलेला मुलगा वेगळाच होऊन परत येतो, शाळेत विषयांच्या आडून दुसरंच काही शिकवलं जातं, आणि मुलावर पहिला हक्क बापाचा, हे त्या वडिलांचं म्हणणं. आज टेक्सासमधला बाप्टिस्ट बाप सरकारी शाळेविषयी शब्दशः हेच म्हणतो. मिशनऱ्यांनी तरी कधी तटस्थतेचा आव आणला नव्हता. शाळा हे सुवार्तेचं साधन, असं ते उघड लिहीत. सेंट इसिडोरचा अर्जही तितकाच उघड होता, एवढं श्रेय द्यायला हवं.

फरक दिशेचा आहे. मिशनची शाळा इतरांच्या मुलांसाठी दार उघडत होती. मिशनच्या सिंथिया फॅरार बाई मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या, त्या बहुतांशी दुसऱ्यांच्या मुलींसाठी. आजची ख्रिस्ती ऑनलाइन शाळा आपल्याच मुलांना आत घेऊन दार लावते. आणि दोन्हींचा हिशेब मुलांनी चुकवला. पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत जोतीराव फुले शिकले. शाळेला ख्रिस्ती हवा होता. शाळा सोडता सोडता त्यांच्या हाती टॉमस पेनचं पुस्तक पडलं, आणि १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला.

अमेरिकेतही घरी शिकलेली पिढी आता बोलू लागली आहे. तिच्यातल्या काहींनी २०१३ मध्ये कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन ही संस्था काढली. घरचं शिक्षण बंद करा असं ते म्हणत नाहीत. निदान नोंद ठेवा, वर्षातून एकदा मूल कोणाच्या तरी नजरेस पडू द्या, असं म्हणतात. टेक्सास, ओक्लाहोमा, आयडाहो अशा राज्यांत घरी शिकवतो हे सरकारला कळवण्याचीही गरज नाही. हार्वर्डच्या एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० मध्ये याहून पुढे जाऊन, परवानगीचं कारण पालकांनी सिद्ध करेपर्यंत बंदीच असावी असं मांडलं आणि गदारोळ झाला. मला ते पटत नाही. जर्मनीत मुलांना शाळेतच पाठवायची सक्ती आहे आणि स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये ती उचलून धरली. पण वेगळ्या मतांची कुटुंबं शाळेत येऊन मिसळतात की देश सोडतात, याचं उत्तर तिथेही दोन्ही प्रकारचं आहे. पोलिसाने घरातून शाळेत नेलेलं मूल काय शिकेल याची कल्पना करवत नाही. तरी नोंदीची मागणी इतकी माफक आहे की तिला होणारा कडवा विरोध पाहून शंका वाढते.

१९७२ मध्ये आमिश या ख्रिस्ती पंथातल्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला, आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा. त्या निकालाला न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी एक अर्धं मतभेदपत्र जोडलं. पालकांचा धर्म आणि सरकारचा कायदा यांचा निवाडा झाला, पण ज्याचं आयुष्य आहे त्या मुलाला कोणी विचारलं का, असा त्यांचा सवाल होता. पन्नास वर्षांत या मतभेदपत्राचा उल्लेख पुष्कळ झाला, अंमल फारसा झाला नाही. सेंट इसिडोरच्या युक्तिवादातही राज्य, चर्च आणि पालक यांच्याविषयीच बोलणं झालं.

हा प्रश्न परत येणार. पुढच्या वेळी नऊच्या नऊ न्यायमूर्ती बसू शकतील, आणि ॲरिझोनाने २०२२ पासून सगळ्याच मुलांसाठी सरकारी रक्कम पालकांच्या खात्यात द्यायला सुरुवात केल्यापासून चार्टरचा वळसाही घ्यावा लागत नाही. घरी शिकवणाऱ्यांतलेच काही जुने कार्यकर्ते मात्र या पैशाला हात लावू नका म्हणतात. आज अनुदान, उद्या तपासनीस, अशी त्यांची धास्ती. त्यांनी कायपरचं हॉलंड पाहावं. तिथे १९१७ मध्ये धार्मिक शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने पैसा देण्याचं कलम राज्यघटनेत आलं. शाळा टिकल्या, वाढल्या, त्यांच्यावर सरकारी तपासणीही आली. आज त्यांतल्या बऱ्याच शाळांच्या पाटीवर ‘ख्रिस्ती’ हा शब्द आहे, आणि वर्गात चर्चला न जाणाऱ्या घरांतली मुलं बसतात.